काव लावलेला दगड

सगळा मुलूखच उताराचा असेल तर शाळा कुठे भरवायची, सांगा बरे?

शेळ्यांच्या त्या राज्यात चार पावले सपाट अशी जागा नव्हती. राज्य वसले होते ते डोंगराच्या अंगावर, आणि वारा बारा महिने वाहता. झोपायचे तर एखाद्या दगडाला पाठ टेकून झोपावे लागे, नाहीतर सकाळी जाग येई ती दहा हात खाली. त्यामुळे तिथे कुणी फार वेळ एका जागी थांबत नसे. चरता चरता चालायचे, चालता चालता बोलायचे, आणि बोलणे पुरे व्हायच्या आत पुढचे झुडूप गाठायचे, अशी सगळ्यांची रीत होती.

सपाट असा एकच कातळ होता. तो मोठ्या शेळीच्या पाठीइतका उंच होता. शाळा त्या कातळावर भरे. सकाळी करडे धावत येत, टणाटण उड्या मारून वर चढत, आणि दाढी पांढरी झालेले गुरुजी त्यांना पाने शिकवत. कोणते पान गोड, कोणते कडू पण पोटाला चांगले, कोणते तोंडात धरले तर तिसऱ्या पावलावर गुडघे मोडतील. अशी एकूण चाळीस पाने होती. हिरवळ संपत आली की त्यांची परीक्षा होई, आणि तीस पाने ओळखणारी करडे कळपाबरोबर खिंड ओलांडून वरच्या पठारावर जात. खिंडीत विषारी कळलावी आणि कण्हेर माजलेली असे, म्हणून हा नियम. तो वाईट नव्हता. ज्यांना पाने येत नसत ती खालच्या कुंपण घातलेल्या वाडग्यात राहत आणि वाळक्या शेंगांवर वर्ष काढत. पुढच्या वर्षी ती शाळेच्या वयाची उरत नसत, म्हणून पुढेही वाडग्यातच राहत.

कातळावर चढायला पायरी नव्हती. असावी असे कुणाला वाटलेही नव्हते.

त्या वर्षीच्या करडांत पिंगळी नावाची एक होती. तिचा मागचा उजवा पाय जन्मापासून आखूड होता, जमिनीला टेकत नसे. तीन पायांवर ती उतार चढे, उतार उतरे, पळेसुद्धा. पण उडी मारायला मागचे दोन्ही पाय लागतात. पाने मात्र तिला चटकन कळत. डोळे मिटून वासावरून सांगे.

तिची आई कबरी. रोज सकाळी कबरी कातळापाशी येई, पुढचे गुडघे टेकून खाली बसे. पिंगळी तिच्या पाठीवर चढे. मग कबरी हळूहळू उभी राही, आणि पिंगळी आईच्या पाठीवरून कातळावर पाऊल टाकी. दुपारी पाणी प्यायच्या सुट्टीला पुन्हा तसेच खाली, पुन्हा तसेच वर. संध्याकाळी आणखी एकदा. कळप सकाळीच लांबच्या कुरणाकडे निघून जाई. कबरीला जाता येत नसे. गेली तर दुपारी परत कशी येणार? ती कातळाच्या आसपास जे उरलेले असेल ते खुडून खाई. तिचे दूध लवकर आटले आणि पाठीचा कणा वर दिसू लागला.

"कबरे, तू शेळी आहेस का शाळेची पायरी?" मोरी जाता जाता म्हणे. मोरीचे करडू त्याच शाळेत होते. तिची जीभ तिखट, पण मनात फार काही नसे. "तुझ्या पाठीवर आता शेवाळ धरेल गं."

"धरू दे. तेवढंच खायला होईल," कबरी म्हणे.

गुरुजी मनाने चांगले होते. एकदा ते कातळाच्या कडेला येऊन कबरीला म्हणाले, "हे बघ, तू रोज एवढी ओढाताण नको करूस. पोरीला खालीच बसू दे. परीक्षेला मी तिची तीस पाने धरून टाकतो. कुणी विचारणार नाही."

कबरीने मान खाली घातली. तिला ते बरे वाटले की वाईट, हे तिलाच कळले नाही. पण पिंगळी पाठीवरून म्हणाली, "गुरुजी, खाली वाऱ्यात तुमचं काही ऐकू येत नाही. आणि खिंडीत न ओळखलेलं पान समोर आलं, तर ते कोण धरून टाकणार?"

गुरुजी घसा खाकरून पुन्हा शिकवायला वळले.

एके दिवशी भुरभुर पाऊस झाला, आणि उठता उठता कबरीचा पाय घसरला. पिंगळी कातळाला धरून राहिली, पण कबरी चार हात खाली गेली आणि तिचा गुडघा सुजला. मग पिंगळीही घसरत खाली आली आणि तिचा त्या दिवसाचा धडा बुडाला. कबरीने मनाशी हिशेब केला. परीक्षेला अजून दोन महिने होते. एवढे दिवस आपला गुडघा पुरणार नाही, हे तिने ओळखले.

ती थोरल्यांकडे गेली. थोरले म्हणजे त्या राज्याचे प्रमुख, सर्वांत वडीलधारे बोकड. त्यांची शिंगे इतकी वळली होती की टोके पुन्हा कानांपाशी आली होती. त्यांच्याभोवती पंच उभे होते. उभे म्हणजे, सारखे इकडून तिकडे फिरत होते.

"मला एक दगड हवा आहे," कबरी म्हणाली. "कातळाच्या निम्म्या उंचीचा. त्याच्या बाजूला ठेवायला. एवढंच."

पंचांत चलबिचल झाली.

"दगड कशाला? आजवर सगळे उडी मारूनच शिकले."

"एकीला दगड दिला की उद्या दुसरी म्हणेल, माझ्या करडाला थंडी वाजते, झूल द्या."

"आणि दगड ठेवल्यावर कातळ तेवढा उंच राहील का?"

थोरल्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाले, "देऊ. पण आधी पाय खरंच आखूड आहे का, आणि किती आखूड आहे, ते मोजलं पाहिजे. तसं केलं नाही तर दगड उंच होईल नाहीतर बुटका होईल."

मोजणी झाली. पिंगळीला सर्वांसमोर उभे केले, आखूड पाय आणि जमीन यांच्यात जेवढे अंतर होते तेवढी गवताची काडी तोडली, आणि ती काडी पंचांच्या कपारीत जपून ठेवली. आठ दिवसांनी पंच पुन्हा जमले तेव्हा काडी नव्हती.

"काडी कुठे गेली?" थोरल्यांनी विचारले.

शेवटी एक पंच खाली बघत म्हणाले, "वाळलेली होती. मला वाटलं, कुणाची राहिली असेल."

पुन्हा मोजणी झाली. या वेळी कुणी खाऊ नये म्हणून कडुनिंबाची काडी घेतली, पण कडुनिंब तर शेळ्यांना आवडतोच. तिसऱ्या खेपेला कण्हेरीची घेतली. ती कुणी खाल्ली नाही. पण दरम्यान एक महिना गेला होता, आणि एका पंचांनी शंका काढली, "मागच्या महिन्यात पाय आखूड होता हे मान्य. या महिन्यातही आखूडच आहे कशावरून?" म्हणून चौथी मोजणी झाली. पाय आखूडच निघाला.

या सबंध महिन्यात कबरी सुजलेल्या गुडघ्यावर रोज बसत होती आणि रोज उठत होती. गवताची टोके पिवळी पडू लागली होती. वाऱ्याला कोरडा वास यायला लागला होता. ती सारखी खिंडीकडे बघे, मग पिंगळीकडे, मग पुन्हा खिंडीकडे.

आणि एके दिवशी दगड मंजूर झाला.

त्या राज्याची एक जुनी चाल होती. थोरल्यांच्या शब्दाने जी वस्तू येई, तिला काव लावत. काव म्हणजे ओढ्याकाठची तांबडी माती. ती पाण्यात कालवून वस्तूला फासायची, रानफुलांचा हार घालायचा, आणि मग त्या वस्तूला कुणी खूर लावायचा नाही. पूर्वी थोरल्यांच्या शब्दाने आलेल्या वस्तू म्हणजे सीमेचे धोंडे आणि पूर्वजांच्या खुणा. त्यांना कुणी खूर लावण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ही चाल कधी कुणाला नडली नव्हती.

दगड माथ्यावरून आणला. बावीस शेळ्यांनी कपाळे लावून तो ढकलत ढकलत कातळापाशी आणला. दगड सुरेख होता, कातळाच्या बरोबर निम्मा. त्याला काव फासली. हार घातला. सगळा कळप जमला होता. हाराच्या फुलांकडे बघून कितीतरी जणींच्या तोंडाला पाणी सुटले, पण एकीनेही तोंड घातले नाही, एवढा तो प्रसंग मोठा होता. थोरले बोलले, "हा दगड म्हणजे आपल्या राज्याच्या मायेची खूण आहे." मग पिंगळीला पुढे बोलावले आणि आखूड पाय सगळ्यांना दिसेल असा उचलून धरायला सांगितला. तिने धरला. बऱ्याच जणींच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी पिंगळीने दगडावर खूर ठेवायला उचलला, तोच मागून ओरड झाली.

"अगं, अगं! पाय लावतेस?"

ढवळी आजी धावत आली. दगडाची काव झडू नये, हार सुकू नये हे बघायला तिला नेमले होते. "काव लावलेला दगड आहे तो! काही रीत आहे की नाही?"

"पण आजी, तो चढायलाच आणलाय," कबरी म्हणाली.

"आणलाय गं बाई, कोण नाही म्हणतं? तुझ्याच पोरीसाठी आणलाय. पण आता काव लागलीय त्याला."

कबरी थोरल्यांकडे गेली. थोरले म्हणाले, "दगड दिला ना? आता आणखी काय हवं?" पंच म्हणाले, "हिचं समाधान म्हणून व्हायचं नाही." कबरी परत आली.

कातळाजवळ थोडीशी बरी जागा होती ती आता दगडाने घेतली होती. कबरीला पलीकडे, भुसभुशीत मातीच्या बाजूला बसावे लागले. तिथे माती पायाखालून सरकत असे. ती गुडघे टेके, पिंगळी चढे, आणि कबरी उठताना शेजारच्या तांबड्या दगडाला आपले अंग लागू नये म्हणून आणखी वाकडी होई. शेजारच्या डोंगरावरच्या शेळ्या दगड पाहायला येत. मान हलवून म्हणत, "केवढी सोय केलीय हो तुमच्याकडे!"

सुट्टीत पिंगळी आईला म्हणाली, "आई, मी वाडग्यात राहीन. राहू?"

"गप्प बस," कबरी म्हणाली. "एकविसावं पान कोणतं?"

"धायटी."

"बाविसावं?"

पिंगळीने बाविसावे सांगितले. दोघींनी मग चाळिसापर्यंत म्हटले, आणि मधली दोन राहून गेली, कारण ती पाने शिकवली त्या दिवशी कबरी घसरली होती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पिंगळीला उतरवताना कबरीच्या पायाखालची माती सुटली. या खेपेला तिला उठता येईना. चार शेळ्यांनी ढकलून तिला वाडग्याच्या दारापर्यंत नेले. मोरीनेही ढकलले.

सकाळी पिंगळी एकटीच आली. सगळा कळप जमला होता. वारा असा सुटला होता की कुणाचे कान जागेवर राहत नव्हते. कातळावर गुरुजी, त्यांच्यापुढे पानांचा ढीग आणि पाने उडू नयेत म्हणून त्यावर एक लहानसा धोंडा. एकेक नाव पुकारले जाई. करडू उडी मारून वर जाई, पाने ओळखी आणि मागच्या बाजूने खाली उडी टाकी.

"पिंगळी."

ती कातळापाशी गेली. मागे सरली, धावली, उडी मारली. हनुवटी कातळाच्या कडेवर आपटली आणि ती खाली पडली. पुन्हा उठली. दुसऱ्या वेळी ओठातून रक्त आले.

"पुढचं नाव घ्या," कुणीतरी हळूच म्हणाले. "बघवत नाही."

"थांबा," थोरले म्हणाले. "तिला हवा तेवढा वेळ द्या. नियम सर्वांना सारखा आहे."

पिंगळी दम खात उभी राहिली. मग तिने वर पाहिले.

"गुरुजी, हा दगड कुणासाठी आणला?"

"तुझ्यासाठी," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मग मी ह्याचं काय करू?"

गुरुजींनी थोरल्यांकडे पाहिले. थोरल्यांनी पंचांकडे पाहिले. पंच तेवढा वेळ इकडून तिकडे फिरायचे थांबले.

"नमस्कार कर," थोरले म्हणाले.

पिंगळी दगडापाशी गेली. तिने मान लववली आणि कपाळ काव लावलेल्या दगडाला टेकवले. बराच वेळ टेकवले. ढवळी आजीनेसुद्धा डोळे मिटून घेतले. मग पिंगळीने कपाळ उचलले, आणि जिथे कपाळ टेकले होते तिथेच पुढचा खूर ठेवला. मग दुसरा. मग एक मागचा. हार तिच्या पायात गुंतला आणि तुटून खाली पडला. ती दगडावर चढली, आणि दगडावरून कातळावर गेली.

कुणी ओरडायच्या आत गुरुजींनी पहिले पान तिच्यापुढे धरले होते.

"बोर," पिंगळी म्हणाली.

ती एकेक सांगत गेली. कळलावी आली तेव्हा तिने मान मागे घेतली. कण्हेर आली तेव्हा नाव न घेताच ती बाजूला सरली, आणि गुरुजी म्हणाले, "बरोबर." दोन पानांपाशी मात्र ती थांबली.

"ही ठाऊक नाहीत. ती शिकवली तेव्हा मी खाली होते."

गुरुजींनी ती दोन पाने आपल्या तोंडात धरली आणि बराच वेळ ती खाली ठेवली नाहीत. मग म्हणाले, "अडतीस."

आता खाली गलका सुरू झाला होता. "दगडाला पाय लावला!" "कपाळ टेकवून लावला ना पण?" "म्हणून काय झालं?" तेवढ्यात गुरुजींनी पुढचे नाव घेतले. ते मोरीच्या करडाचे होते. ते चारी पायांनी धडधाकट होते, पण उंचीला बुटके. ते धावत आले, आणि उडी मारायच्या ऐवजी दगडापाशी थांबले, घाईघाईने कपाळ टेकवले आणि चढले.

"अरे मेल्या!" मोरी ओरडली. "तुला कशाला रे दगड? तुझे पाय काय झाले?"

"आई, माझे गुडघे रोज सोलतात," ते वरून म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं."

मोरी मान उंच करून त्याचे गुडघे बघू लागली.

परीक्षा संपली तेव्हा दगडावरची बरीचशी काव करडांच्या खुरांना लागून गेली होती. पंच थोरल्यांभोवती जमले. दगड विटाळला असे काही म्हणाले. पुन्हा काव लावून शुद्ध करावा असे काही म्हणाले. थोरल्यांनी वळलेल्या शिंगांमागून सगळे ऐकले आणि म्हणाले, "उद्या बघू." पठाराकडे निघायला अजून सहा दिवस होते, आणि तोवर गुरुजी खिंडीतली वळणे शिकवणार होते. शाळा भरायचीच होती.

ऊन कलताना पिंगळी वाडग्यापाशी गेली. कबरी दारात पडून होती. तिने दुरूनच विचारले, "कुणाच्या पाठीवरून चढलीस गं?"

"कुणाच्या नाही."

"खरं सांग. कुणाला त्रास दिलास?"

"कुणालाच नाही, आई. अडतीस आली."

कबरीने तिचे तांबडे खूर पाहिले. एकेक खूर ती चाटत राहिली, आणि काव खारट होती, तरी पुरी निघेपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढवळी आजी पळसाच्या द्रोणात काव कालवून आली. दगडावर एकामागून एक करडे चढत होती, म्हणून ती द्रोण तोंडात धरून बाजूला उभी राहिली. कबरी खालच्या उतारावर होती, लंगडत एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जात होती. शाळा भरल्याचा आवाज आला तेव्हा ती कातळाकडे पाठ करून चरत होती, आणि तिने मान वर केली नाही.